तणाव्यांविना उभा पाइप

करमाडच्या बाजूची ती घटना अजून मनातून गेलेली नाही. मी फौजदार म्हणून नवीन होते. इंग्रजी शाळेतून आलेली, बोलायला बुजणारी. म्हणून बायकांचे जबाब आणि पंचनाम्याचं लिखाण माझ्याकडे येई.

एका सकाळी टीव्हीच्या अँटेनाचा चाळीस फुटी पाइप घराच्या धाब्यावरून, म्हणजे मातीच्या सपाट छतावरून, अंगणात कोसळला आणि घरमालकाच्या बायकोचा खांदा मोडला. मालकाची तक्रार अशी, की शेजाऱ्याने वैरापोटी पाइप ताणून धरणाऱ्या तणाव्याच्या तारा कापल्या. घरं चिकटून असल्यामुळे या तारा शेजाऱ्याच्या कठड्याला बांधायची तिथे रीत होती. महिन्यापूर्वी दोघांचं भांडण झाल्याचं एका किराणा दुकानदारानेही कळवलं. शेजारी एसटीत चालक. गुन्हा दाखल झाला असता, तर निलंबन ठरलेलं.

साहेबांनी त्याला ठाण्यात बसवून दोन तास विचारलं. तो एकच सांगत राहिला, "तारा त्यांनीच सोडून नेल्या, साहेब. मी एक बोललो, त्यांना लई लागलं." काय बोलला, ते मात्र सांगेना.

मी पंचनाम्याला गेले. कठड्याच्या कड्या शाबूत होत्या. मालकाच्याच कोठीत तारांची नीट गुंडाळलेली वेटोळी सापडली. टोकं गंजलेली, गाठीच्या जागी वाकलेली. कापलेली तार टोकाला चकाकली असती. पाइपाचा वरचा तुकडा कोरा, नुकताच जोडलेला होता. म्हणजे तारा सोडल्यावर पाइप उतरवायचा, तर या माणसाने तो आणखी वाढवला होता. आमच्या बिनतारी विभागातल्या मेकॅनिकना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, तणावे नसतील तर असला पाइप धाब्यावर दहा फूट. त्याच्या वर नेला, की नुसती वाऱ्याची वाट बघायची."

घाटी दवाखान्यात मालकाच्या बायकोजवळ बसले. मी काही विचारायच्या आधी तीच बोलली. "लेकीनं मनानं लगीन केलं. सहा वर्षं ह्यांनी घरात तिचं नाव घेतलं नाय. आता ती दिल्लीहून टीव्हीवर गाती. मागच्या रांगेत उभी असती. इथं नुसत्या मुंग्या दिसत्यात, तोंड दिसंना. म्हणून पाइप वाढवीत गेले हे."

तिच्याकडूनच कळलं, महिन्यापूर्वी शेजाऱ्याने गमतीने विचारलं होतं, "काय काका, पळालेली पोरगी आभाळात हुडकता व्हय?" त्याच संध्याकाळी मालकाने तारा सोडून आणल्या.

ठाण्यात मी ती वेटोळी मालकासमोर टेबलावर ठेवली. त्याने एका तारेचं वाकलेलं टोक बोटाने चाचपलं. मग म्हणाला, "बायकोला माझ्या हातानं लागलं, असं कसं सांगू, बाई?"

शेजाऱ्याला तेव्हाच घरी पाठवलं. मालकाचा पुरवणी जबाब मी लिहायला घेतला. मुलीचं नाव विचारल्यावर तो थांबला. लेखणी हातात धरून मीही थांबले. शेवटी त्याने पूर्ण नाव सांगितलं, सासरच्या आडनावासकट. रीतीप्रमाणे जबाब वाचून दाखवला. संपल्यावर तो हळूच म्हणाला, "लेकीच्या नावाची ओळ परत वाचता का?"

मी वाचली. साहेब खोट्या तक्रारीबद्दल त्याला खडसावत होते, तेव्हाही त्याची नजर त्या कागदावरच होती.

आम्ही वैर शोधत गेलो होतो. हाती लागली ती ओढ. पुढे नोकरीभर कुणाचाही जबाब वाचून दाखवताना मी घाई केली नाही. आपल्या लेखी तो कागद असतो. समोरच्याने त्यातला एखादा शब्द कित्येक वर्षांनी ऐकलेला असतो.