सव्वा मूठ गहू

मस्कतला निघालो त्या सकाळी फाट्यावर एसटी थांबवून माझं सामान चढवायला अर्धी गल्ली आली होती. धरणगाव आणि एरंडोलच्या मधलं आमचं गाव; तिथून विमानात बसायला निघालेला मी पहिलाच प्राणी, म्हणून जो तो एकदा पिशवीला हात लावून घेत होता. पिशव्यांत बिबड्या, लसणाची लाल चटणी, कळण्याचं पीठ आणि तिखट शेव. शेव इतकी की अरबस्तानावर स्वारीच करायची असती तर दारूगोळा पुरला असता. कंडक्टरनं शांतपणे विचारलं, माणूस चाललाय की दुकान?

श्रावण होता. आदल्या सोमवारीच कानबाई नदीवर पोहोचवली होती आणि घरात डबाभर रोट शिल्लक होते. मी आईला म्हटलं, दोन रोट दे, वाटेत खाईन. जिनं पिशवीत सांडगी मिरचीसुद्धा कोंबली होती, तिनं रोटाला मात्र नकार दिला.

"रोट शीव वलांडस नही," ती म्हणाली. "तुले खावाना व्हई तं घर ये." रोट गावाची शीव ओलांडत नाही, तुला खायचा असेल तर घरी ये.

गावात राहिलेल्यांना आणि माझ्यासारखं गाव सोडून गेलेल्यांना कानबाई सांगायला नको. पण माझी बायको कोल्हापूरची. तिला मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती आधी हसली, मग म्हणाली, पुन्हा सांगा. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे एक नारळ नवरी होतो. त्याला नथ, बांगड्या, डोळ्यांत काजळ, नवं लुगडं. रात्रभर ही नवरी चौरंगावर बसून बायकांची गाणी ऐकते आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीला जाते. एरवी भावकीत एकमेकांचं तोंड न बघणारे त्या रात्री एकमेकांच्या चपला सांभाळतात.

पण खरी गंमत रोटांची. गुळाच्या पाण्यात मळलेले हे जाडजूड गव्हाचे रोट. ताजे असतात तेव्हा प्रसाद, चार दिवसांनी दगड. त्यांचे गहू मापानं घेत नाहीत, मुठीनं घेतात. घरातल्या एकेकाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ सुपात टाकायची. त्या गव्हाचे झालेले रोट घरच्यांनीच खायचे. परक्याला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत, पौर्णिमेच्या आत संपवायचे. आणि भाऊ वेगळे झाले की त्यांची कानबाईही वेगळी बसते. तलाठ्याकडे वाटण्या नंतर होतात. आमच्याकडे त्या आधी गव्हात होतात.

मस्कतमध्ये मी एसीच्या कंपनीत लागलो. जळगावचा माणूस ओमानी लोकांना थंडावा विकतो, याहून मोठा विनोद मला अजून सुचलेला नाही. पहिल्या उन्हाळ्यात सगळे नवे भरती झालेले होरपळत होते आणि मी साइटवर उभा राहून म्हणत होतो की, आज जरा वारा आहे. बाजारात गेलो तर तिथे केळी आपल्या जळगावचीच. खोक्यावर जिल्ह्याचं नाव वाचून मी त्या केळ्यांना रामराम घातला. केळ्याला सीमा नाही, शेवेला नाही, मलाही नाही. सगळ्या जगात एका रोटालाच व्हिसा मिळत नव्हता.

शेजारी केरळचे एक जॉर्जभाई राहायचे. त्यांना मी एकदा फोनवर कानबाईची नवी डीजेवाली अहिराणी गाणी लावून दाखवली. चूक झाली. तेव्हापासून दर शुक्रवारी नमाजाची वेळ सरली की आमच्या मजल्यावर अहिराणी गाणं वाजतं आणि जॉर्जभाई लुंगी सावरत नाचतात. एक शब्द कळत नाही, पण ठेका असा धरतात की वाटावं, माणूस पाचोऱ्याच्या वरातीतून थेट इथे उतरलाय.

श्रावण तिकडे फक्त कॅलेंडरात येतो. सुट्टी क्वचितच त्याच्याशी जुळायची. त्या रविवारच्या दुपारी मी आडवा पडायचो. एसीच्या घरघरीतून हळूहळू जात्याची घरघर यायची, बाहेरच्या बोडक्या डोंगरांवर हिरवी कपाशी चढायची, आणि सुपात गहू पडल्याचा आवाज यायचा. मग भाऊचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा आवाज, माझं नाव घेताना. झोप होती की जाग, मला कधीच ठरवता आलं नाही. पण तेवढं ऐकलं की मी उठून चहा ठेवायचो आणि वर्षभर ठीक असायचो. माझी मुलगी तिकडेच जन्मली. तिचा पासपोर्ट यायच्या आधी गावी तिची सव्वा मूठ पडली होती.

यंदा आषाढात भाऊचा फोन आला. भाऊ शेतकरी माणूस, फोनवर पावसापलीकडे बोलत नाही. त्या दिवशी पाऊस सांगून झाला तरी त्यानं फोन ठेवला नाही. मग म्हणाला, "तुन्ही कानबाई आते तथंच बसाड."

तुझी कानबाई आता तिकडेच बसव. शब्द साधे, पण खानदेशात त्याचा अर्थ एकच: तू वेगळा झालास. मी विचारलं, माझं काय चुकलं? तो म्हणाला, काही नाही, तुझ्या वहिनीला शुगर निघाली आहे.

या दोन गोष्टींचा संबंध मला लागेना. बायकोला लगेच लागला. ती म्हणाली, अहो, आपल्या तिघांच्या नावाचे गहू पडतात, त्यांचे रोट होतात, आणि ते टाकायचे नसतात; मग इतकी वर्षं ते खातं कोण?

आई होती तोवर आई खात होती. ती गेल्यावर कपाटाच्या चाव्यांबरोबर ते काम वहिनीकडे आलं. वहिनी म्हणजे मूठभर बाई, जेवायला बसली तर अर्ध्या भाकरीत उठणारी. ती दर श्रावणात आमच्या तिघांच्या वाट्याचे गूळ घातलेले रोट दुधात भिजवून, पौर्णिमेची तारीख बघत, मुकाट्यानं संपवत होती. आता डॉक्टरनं गूळ बंद केला होता. भाऊची मुलं म्हणाली, आम्ही आमचेच कसेबसे संपवतो.

मी रजा टाकली आणि तिघंही गेलो. घरी पोचलो तेव्हा सूप मांडलेलं होतं. वहिनीच्या पाया पडलो, तर ती म्हणाली, भाऊजी, तुमचे दात बरे आहेत ना, मग यंदा तुमचे तुम्हीच खा. मी म्हटलं, यंदा खाईन, पण पुढच्या वर्षी? रजा काही कानबाईला विचारून मिळत नाही.

भाऊ अंघोळ करून पाटावर बसला. नांगर धरून धरून त्याचा पंजा फावड्यासारखा झालेला. त्याची एक मूठ म्हणजे वहिनीची एक भाकरी. स्वतःचं नाव घेऊन त्यानं गहू टाकले. मग वहिनीचं, मुलांचं, सुनेचं. पुढे माझं नाव. त्यानं मूठ भरली आणि ती तशीच धरून वहिनीकडे बघत राहिला. माझ्या मुलीनं माझा शर्ट घट्ट धरला. तिला अहिराणी येत नाही, पण आपलं नाव येतं की नाही एवढं तिला कळत होतं.

वहिनी उठली. भाऊच्या मुठीतले गहू तिनं परत पोत्यात पाडायला लावले आणि त्याला पाटावरून थोडं सरकायला सांगितलं.

"मूठ कोन्ही, हाई कानबाईनी सांगेल शे का?" ती म्हणाली. मूठ कुणाची, हे काय देवीनं सांगून ठेवलंय? "ह्यासले मन्ही मूठ."

यांच्यासाठी माझी मूठ. आणि तिनं आपला तो लहानसा, बांगड्यांतून सहज निसटणारा हात पोत्यात घातला. माझं नाव घेतलं, बायकोचं घेतलं, मुलीचं घेतलं. तिघांचे मिळून भाऊच्या एका मुठीएवढे झाले असतील. भाऊ हिशेब करून म्हणाला की, एवढा रोट तर मी दर वर्षी शेतात जाता जाता बिनगुळाच्या चहात संपवीन. वहिनी म्हणाली, मग इतकी वर्षं का नाही संपवला? भाऊनं त्यावर पावसाचा विषय काढला.

परतीच्या विमानात मुलगी विचारत होती की, पप्पा, आपलं घर नक्की कुठलं? समोर पडद्यावर नकाशा होता, त्यावर एक छोटं विमान अरबी समुद्र ओलांडत होतं. मी तिला हात पुढे करायला सांगितला आणि तिची बोटं एकेक करून मिटवली. म्हटलं, काकूच्या हातात जेवढे गहू मावतात ना, तेवढं. ती मूठ तशीच धरून झोपली.