धुमेला कणीक

आयुष्यभराच्या कॅसेटी एकेक करून मी संगणकात चढवल्या होत्या, आणि ऐकत होतो त्या मात्र लॅपटॉपच्या पोटातल्या दोन टिकलीएवढ्या स्पीकरांवर. डब्यात मधमाशी कोंडावी तसा आवाज यायचा. त्यातली सगळ्यांत लाडकी कॅसेट आमच्या वाडीच्या भजनी मंडळाची. तिच्यात बाबांचा पखवाज आहे.

पालीजवळचं घर बंद करून आईबाबा माझ्याकडे रत्नागिरीला राहायला आले, तोवर बाबांचे कान गेलेच होते. कानाचं यंत्र आणलं. भांड्यांचा आवाज फार येतो म्हणून त्यांनी ते डबीत घातलं आणि डबी कपाटात गेली. मी भजनाची कॅसेट लावली की ते माझ्या तोंडाकडे बघून मान डोलवायचे, मला बरं वाटावं म्हणून. मान तालात नसायची. उभा जन्म पखवाज वाजवलेला माणूस, आणि मान तालात नाही, हे मला बघवत नसे.

म्हणून ठरवलं, बाबांना त्यांचा पखवाज ऐकू येईल असे स्पीकर आणायचे. खरं तर स्पीकर मलाच हवे होते आणि बाबा हे घरात खपण्यासारखं कारण होतं. पण बोलता बोलता ते कारणच माझ्या डोक्यात बसलं.

बाजारातला दुकानदार मस्कतला बरीच वर्षं काढून आलेला आणि तिथूनच आवाजाचं वेड घेऊन परतलेला. गालिचा अंथरलेल्या आतल्या खोलीत त्याने मला बसवलं. हे अ‍ॅक्टिव्ह स्पीकर, म्हणाला, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर नको, तो ह्यांच्या अंगातच असतो. संगणकाची वायर ह्यांच्यात खुपसली की झालं. मग त्याने कसलंसं रेकॉर्डिंग लावलं. त्यात एक कप फुटला आणि मी चक्क खुर्चीखाली वाकून बघितलं. त्या क्षणी मी कामातून गेलो. तो पुढे आकडे सांगत होता, मी नुसता हसत होतो. दुकानात सगळेच गोड वाजतात, असं म्हणून त्याने एक लहान आणि एक मोठी अशा दोन जोड्या माझ्या गाडीत घातल्या. रविवारपर्यंत घरी ऐकायच्या आणि नको ती, किंवा दोन्ही, जशीच्या तशी परत द्यायची.

घरी आल्यावर मी आईला तीच माहिती ऐटीत दिली, की अ‍ॅम्प्लिफायर ह्यांच्या अंगातच आहे. आईने हातातलं सूप खाली ठेवलं.

"अंगात येतं ह्यांच्या? मग अमावास्येला काय करायचं रे?"

मी समजावेपर्यंत तिने चारही स्पीकरांना हळदकुंकू लावलं होतं. परत द्यायचेत म्हटल्यावर पदराने पुसलंही, पण लहान जोडीच्या डाव्याच्या कपाळी पिवळेपणा राहिलाच.

पुढचे दिवस मी जमिनीवर नव्हतो. लहान जोडीवर झांजा उजवीकडे, बुवा मधोमध, आणि मागे कोण खोकलं तेही कळत होतं. मी सोफा भिंतीपासून ओढला, परत लोटला, स्पीकर पाटावर ठेवले, मग पाटाखाली रबराच्या जुन्या वहाणा घालाव्यात की काय इथपर्यंत आलो. जेवताना उठून वायरी बदलायचो. शेजारच्या वहिनी डोकावून विचारून गेल्या, घर बदलताय का. बाबा आरामखुर्चीत बसून ही सगळी हलवाहलव बघत होते. मी कॅसेट लावून त्यांच्याकडे वळलो की मान डोलायची. तालात नाही. लहान जोडी खोक्यात गेली.

रविवारी सकाळी मोठी जोडी मांडली. आवाज मोकळा यावा म्हणून पुढच्या जाळ्या काढून ठेवल्या, तेव्हा आत ताटलीएवढे काळे गोल पडदे दिसले. भजन सुरू केलं तर आवाज कानाआधी तळपायांना लागला. खिडकीची काच तालात थरथरायला लागली. मला इतका आनंद झाला की एकट्याने तो सोसवेना, म्हणून मी आईला सांगायला स्वयंपाकघरात पळालो. ती पोळ्यांची कणीक मळत होती. मी हातवारे करून खर्ज म्हणजे काय ते सांगत होतो, तेवढ्यात बाबा आले, परातीतला एक गोळा उचलला, नळाखाली बोटं ओली केली आणि निघून गेले. कावळ्याला घालणार असतील, आई म्हणाली.

मी बाहेर आलो. बाबा डाव्या स्पीकरसमोर मांडी घालून बसले होते आणि त्याच्या काळ्या पडद्यावर, बरोबर मधोमध, अंगठ्याने कणीक थापत होते.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला, ज्याला धूम म्हणतात, ओली कणीक थापतात. ती सुकली की आवाज चढतो. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, पण तेव्हा काही आठवलं नाही. दिसली ती परत द्यायची जोडी आणि दुकानदाराचं तोंड. मी जिवाच्या आकांताने ओरडलो. बाबांना माझी ओरड ऐकूच गेली नाही. त्यांनी कड बोटाने गोल केली, कान पुढे करून थोडं थांबले आणि मग मागे वळून मला बघितलं.

"धूम चढलीय," म्हणाले, "कनीक सुकलीय रे. कॅसेट भरली त्या दिवशी पन अशीच सुकली व्हती."

बुवा चढ्या लयीत गेले होते, स्पीकरचा पडदा कणकेसकट थडथडत होता आणि बाबांची मान चालली होती. समेवर येत होती. मला हसू फुटलं, रडूही येत होतं, दोन्ही आवरेना.

"बरी झाली का आता?" मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं.

त्यांनी डोळे मिटून एक आवर्तन ऐकलं आणि हात पुढे केला.

"आजून जरा लागंल."

मी स्वयंपाकघरात गेलो आणि आईच्या पुढ्यातली परातच उचलून आणली.