परक्या खाचराचा बांध

लढाई संपल्यानंतरच्या पावसाळ्यात आमची सॅपर्सची सेक्शन ब्रह्मदेशातच होती. काम एकच: जपान्यांनी माघार घेताना पेरलेले सुरुंग काढणे. मी हवालदार, हाताखाली आठ जवान. गाव नदीकाठचं, भातशेतीचं. आमच्या खालापूरसारखंच, फक्त डोंगर लांब.

त्याच गावात एका परदेशी शांतिमंडळाचे स्वयंसेवक आले. चार माणसं, चार देशांची. हत्यार नाही, पगार नाही. जळालेली घरं उभी करायची, आजाऱ्यांना औषध द्यायचं, एवढंच काम. माझं मराठी ऐकून त्यांतला एक जवळ आला.

"कुठलं हो तुमी?"

"कुंभिवली."

"मंग शेजारीच की! मी लोधिवलीचा. हरी ठोंबरे."

पटकीच्या साथीत हा माणूस चौकच्या आसपास घरोघर पाणी उकळून देत फिरला होता, मेलेल्यांना खांदा देत होता. मुंबईत मंडळाने माणसं मागितली तेव्हा त्याने नाव दिलं. घरी म्हातारे वडील आणि दीड एकर भात.

खाचरं आम्ही यंत्राने तपासून मोकळी केली होती. बांध राहिले होते. त्यांत बॉम्बचे लोखंडी तुकडे इतके, की यंत्र सारखं वाजायचं. तिथे संगिनीने टोचत वीत वीत पुढे सरकावं लागे. लेफ्टनंट साहेबांचा हुकूम होता, बांधावर कोणी चढायचं नाही, खाचरातल्या चिखलातून चालायचं.

हरीला याचं हसू यायचं. "हवालदार, आपल्याकडं बांधावरनं मानूस कोर्टात जातो. हितं सरळ वरच जातो."

"दात काढू नको. चिखलातनं चाल."

"चालतोय की. पाय बघा, म्हशीवानी झाल्यात."

आमचं काम पुरं होईपर्यंत गावाला थांबणं शक्य नव्हतं. पावसाने जोर धरला आणि बायांनी मोकळ्या खाचरांत लावणी उरकली. हुकूम मात्र तोच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास हरी क्विनाइन घेऊन निघाला. पलीकडच्या वाडीत एक म्हातारी तापाने पडली होती. मी शंभरेक यार्डांवर एका बांधाच्या टोकाशी गुडघे टेकून काम करत होतो. तो नव्या लावणीच्या कडेला येऊन थांबला. रोपांनी अजून मान धरली नव्हती. एक पाय पडला असता तरी चार-पाच रोपं चिखलात गेली असती. त्याने खाली पाहिलं आणि बांधावर चढला.

मी ओरडलो, "हरी! खाली उतर! चिखलात!"

"लावनी हाय हो!" तो चालता चालता ओरडला. "कालचीच हाय!"

बांधाच्या मध्यावर स्फोट झाला.

सिग्नलचा नाईक वायरलेसवर बसला. "कॅज्युअल्टी वन. सिव्हिलियन. अ‍ॅम्ब्युलन्स पाठवा. ओव्हर."

"अ‍ॅम्ब्युलन्स नदीपलीकडे. पाणी चढलंय, फेरी बंद. वेट. आउट."

आम्ही चौघे स्ट्रेचर घेऊन खाचरातल्या लावणीतूनच गेलो. दुसरी वाट नव्हती. त्याचा एक पाय गुडघ्याखाली राहिला नव्हता, पोटालाही लागलं होतं. दोर आवळून बांधला, उचललं आणि आलो तसेच परत निघालो. तो शुद्धीवर होता.

"हळू रं," तो म्हणाला. "पाय बघून टाका."

अकराला गेला. फेरी दुपारी सुरू झाली.

दोन-अडीच वर्षांनी मंडळाने चौकटीत बसवलेलं इंग्रजी मानपत्र पाठवलं. लोधिवलीला देवळापुढे सभा झाली. हरीचे वडील बाळूआबा खुर्चीवर बसले होते, खांद्यावर नवी शाल. कर्जतहून आलेले वकील म्हणाले, हरीभाऊ विश्वशांतीसाठी रणांगणावर झुंजत पडले. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. हरी झुंजला नव्हता. जे पाहिलं ते मी सांगितलं.

मागून कोणीतरी पुटपुटलं, "रोपांपायी जीव दिला? येडा का काय?"

आबांनी मान वळवली नाही. "तुझ्या खाचरात कोन शिरलं, तर तू काय करतोस रं, सदू? काठी घेऊन धावतोस."

लोक हसले. आबा हसले नाहीत. मला म्हणाले, "हवालदार, ते भात झालं का?"

सगळी सभा माझ्याकडे बघू लागली. वकीलसाहेबांनी मला हळूच होकाराची खूण केली. पण मी तिथे होतो.

"नाय झालं, आबा. सुरुंगानं बांध फुटला. पानी गेलं, त्याच्यासंगट रोपं पन गेली."

"बांध कुनी घातला नाय?"

"नाय. लोकं भ्याली. आमाला दुसऱ्या रस्त्यावर हलवलं."

"आनि ती म्हातारी?"

"तीपन गेली. त्याच हप्त्यात."

आबांनी शाल काढली, घडी केली आणि मांडीवर ठेवली. पुढे कोणी भाषण केलं नाही. पेढे वाटले, माणसं उठली.

त्या मुलखात आता त्यांची आपसात लढाई चालू आहे. तिकडून आलेला माझा जुना ड्रायव्हर सांगतो, गाव उठून गेलं, बांधांत पुन्हा सुरुंग आहेत, या वेळी नव्या लोकांनी पुरलेले. आम्ही त्या गावात त्रेसष्ट काढले होते. हे आबांना सांगायला मी अजून गेलेलो नाही.

आमच्या कंपनीच्या मृतांत हरीचं नाव नाही, कारण तो सैनिक नव्हता. हुद्दा नाही, नंबर नाही. हरी बाळू ठोंबरे, राहणार लोधिवली. चितेला सुकं लाकूड मिळालं नाही. त्याच गावात, नदीच्या अलीकडे, चिंचेखाली पुरला. क्रॉस लावायचा की काय लावायचं, कोणाला ठरवता आलं नाही, म्हणून काहीच लावलं नाही.