रुइफेनच्या भावाचं रक्त

चीनमधल्या लिनझोऊच्या सरकारी रुग्णालयात हाओ रुइफेन सव्वीस वर्षं रक्त तपासत होती. तायहांग डोंगराच्या त्या मुलखात घास अडकण्याचा आजार घरोघरी माहीत होता. अन्ननलिकेच्या कॅन्सरचे रोगी तिला चेहऱ्यानं नव्हे, रक्ताच्या नळीवरच्या नावानं ओळखू येत.

तिथले सर्जन डॉक्टर श्युए यांनी एकदा तिच्याकडून जुन्या तपासण्यांचे कागद काढून घेतले. रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला ग्लोब्युलिन या दुसऱ्या प्रथिनानं भागायचं आणि तो रोगी पुढे किती जगला ते पाहायचं, असं त्यांचं काम. रुइफेननं चारशेवर नावं लिहून काढली. ज्यांचा भागाकार सव्वाच्या खाली, ते बहुतेक लवकर गेलेले. नव्या वर्षाच्या जेवणात तिनं हे थोरल्या भावाला, छांगगुईला, मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. आईबाप गेल्यावर त्या पाथरवट भावानं दगड फोडून तिला शिकवलं होतं.

पुढच्या वसंतात छांगगुईला भाकर गिळवेना. मग राळ्याची पेजही अडकू लागली. महिनाभर त्यानं कुणाला सांगितलं नाही. तपासणीत गाठ निघाली.

त्याची नळी रुइफेनच्याच हाती आली. आकडा आला शून्य पूर्णांक ब्याण्णव. तिनं यंत्र धुतलं, पुन्हा लावलं. ब्याण्णव. तिसऱ्यांदा शेजारच्या यंत्रावर लावलं. एक्याण्णव.

घरच्यांनी ठरवलं होतं, त्याला सांगायचं नाही. जठराला सूज आहे म्हणायचं. पण रुइफेन खाटेशी आली तेव्हा तो उशीला टेकून हसत होता.

"काय गं धाकटे, किती आला माझा?"

"कसला?"

"तोच तुझा भागाकार. सव्वाच्या वर की खाली?"

"दीड आलाय दादा."

"खोटं बोलताना लहानपणापासून कान लाल होतात तुझे." तो वहिनीकडे वळला. "बघ गं, चांगले डाळिंबासारखे झालेत."

वहिनी बाहीनं डोळे पुसत बाहेर गेली.

रुइफेन डॉक्टर श्युएंकडे धावली. "बाटलीतून अल्ब्युमिन चढवू या. आकडा वर येईल."

"आकडा येईल," ते म्हणाले. "भाऊ येणार नाही. आकडा खराब आहे तो आतल्या आजारामुळं. एवढ्या अशक्त माणसाला मी कापू शकत नाही, रुइफेन. आणि गाठ यकृतापर्यंत गेलीय."

तरी ती ऐकेना. रोज माशाचं पातळ कालवण, फेटलेली अंडी नाकातून घातलेल्या नळीनं पोटात घालायची. दर आठवड्याला रक्त काढायची. ब्याऐंशी. सदुसष्ट. चौथ्या खेपेला छांगगुईनं हात आखडून घेतला.

"पुरे कर. दगडाला छिन्नी लावली की आवाजावरून कळतं, आत चीर आहे की नाही. मला माझा आवाज कळतोय."

"मग मी करू तरी काय दादा?"

"बस जरा. तू कधी बसतेसच कुठं?"

त्यानंतर तिनं रक्त काढलं नाही. त्याला गावी नेलं. ती खाटेशी बसे, ओल्या कापसानं त्याचे ओठ भिजवी, आणि तो अंगणातल्या कोंबड्यांना नावं ठेवी. पुढे तेवढं बोलणंही संपलं. शरद लागायच्या आधी, एका सकाळी, वहिनी त्याची कूस बदलायला गेली तर अंग गार पडलेलं होतं.

आठव्या दिवशी रुइफेन कामावर गेली. ट्रेमध्ये एकतीस नळ्या उभ्या होत्या. तिनं पहिली उचलली आणि नाव न वाचता यंत्रात ठेवली.