कुंकवाचे तीन ठिपके

निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं. कोल्हापूरकडं बायकाही 'येतो'च म्हणतात. फक्त दवाखान्यातून निघताना सगळ्यांची दातखीळ बसते. पुन्हा ती पायरी नको ना! चाँदबी सिस्टरला बावीस वर्षांत एकाही घरानं 'येतो' म्हटलं नव्हतं.

त्यात तिच्याकडं बरी न होणारी पोरं. एका पाहुण्या डॉक्टरीणबाईंनी तिला शिकवलं होतं, मरण थांबत नसलं तरी दुखणं थांबवता येतं. औषध पोर रडल्यावर नव्हे, रडायच्या आधी, घड्याळाच्या काट्यावर द्यायचं. चाँदबीनं ते जिवापाड पाळलं. वॉर्डानं अर्थ काढला, की ही औषधाची बाटली घेऊन ज्या खाटेवर बसते ते पोर जातं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला! पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? तिला बघून आया पोरं पदराआड घ्यायच्या. घरी नवरा ना मूल, टेबलावरचं घड्याळ तेवढं टिकटिकायचं. चाँदबीला फार एकटं वाटायचं.

एकोणऐंशी साली चंदगडकडची धोंडुबाई आठ वर्षांच्या यल्लूला घेऊन आली. मांडीच्या हाडातली गाठ अंगभर पसरलेली. डॉक्टरांनी हात टेकले होते. पोर तळमळत होती. चाँदबी बाटली घेऊन गेली, तर धोंडुबाई आडवी आली.

"माज्या पोरीला शिवू नगंस! तू बसलीस की पोरं मरत्यात म्हनं."

चाँदबी हटली नाही. "न्हाय बसत, आक्का. तूच दे. मी दारात हुबी ऱ्हातो."

"मला कुठं घड्याळ कळतंय?"

चाँदबीनं घरचं घड्याळ आणलं. धोंडुबाईच्याच करंड्यातलं कुंकू घेऊन काचेवर दोन, सहा आणि दहावर ठिपके दिले. "बारका काटा ठिपक्यावर आला की येक चमचा. दिवसा बी, रातीला बी."

दहाला चमचा दिला, ठणका उतरला. दोनला मात्र धोंडुबाईनं बाटली उघडलीच नाही.

"दे आक्का," चाँदबी दारातून म्हणाली.

"आता दुखत न्हाय की! मग औशद कशाला?"

तीनच्या सुमाराला यल्लूनं हंबरडा फोडला. धोंडुबाईनं घाईघाईनं चमचा भरला. त्यानंतर तिनं एकही ठिपका चुकवला नाही.

अकरा दिवस यल्लू निवांत होती. नाचणीची आंबील मागून प्यायली, आईच्या नकला करून हसली. चाँदबी हे दारातूनच बघायची. पोरीच्या केसांवरून एकदा हात फिरवावासा तिला फार वाटे, पण दिला शब्द तिनं मोडला नाही. बाराव्या दिवशी दुपारी यल्लू आईच्या मांडीवर गेली, न कण्हता.

संध्याकाळी गावाकडं न्यायची गाडी यायच्या आधी धोंडुबाईनं घड्याळ परत आणून दिलं. ठिपके तसेच होते.

"येक डाव बी खाटंवर बसली न्हाईस तू. तरीबी गेलीच की माजी यल्लू. उगंच बोललो तुला."

चाँदबी घड्याळ छातीशी धरून उभी राहिली. धोंडुबाई पायऱ्या उतरली, थांबली, सगळ्या आयांच्या देखत मागं वळली.

"येतो, बाई."

चाँदबीचे ओठ हलले. त्यावर 'ये' म्हणायचं असतं, एवढंही तिला पटकन आठवेना.