मामंजींच्या डोळ्यांपुरता उजेड

किहीमच्या आमच्या घराला खिडक्या फार. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, घर बांधलं तेव्हा त्यांचे डोळे धडधाकट होते आणि समुद्राचा वारा घरभर खेळला पाहिजे असा त्यांचा हट्ट होता. वारा खेळायचाच, पण त्याच्या पाठोपाठ ऊनही यायचं. दुपार कलली की पाण्यावरची तिरीप नारळांच्या खोडांमधून थेट आत शिरायची आणि माजघरातल्या तांब्याच्या घागरीकडेही बघवायचं नाही. त्याचं कुणाला कधी काही वाटलं नव्हतं. मामंजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि घरातली एकेक खिडकी मला वैरीण वाटायला लागली.

ऑपरेशन मुंबईला झालं. मामंजींना दवाखान्यात ठेवून हे, म्हणजे माझे यजमान, एका दिवसासाठी घरी आले ते डॉक्टरांची ताकीद घेऊनच. डोळ्यावर एकदम उजेड पडता कामा नये. आधी काळोखाची खोली, मग अंधुक, मग जरा उजेडाची. एवढं नीट सांभाळलं तर उजवा डोळा परत येईल. डाव्याची आशा नव्हतीच. म्हणजे सगळी भिस्त एका डोळ्यावर आणि तो डोळा खिडक्यांच्या हवाली.

"कुठल्या खोलीला काय लावायचं ते तू ठरव," हे म्हणाले आणि अंगरखा काढून स्वस्थ जेवायला बसले. घरात दुसरी बाई नव्हती. सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच गेल्या होत्या. ठरवणार कोण, मीच. पण ते ऐकल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. भात वाढताना ह्यांच्या पानाऐवजी मी पाटावरच वाढला.

त्याचं कारण सांगितलं पाहिजे. लहानपणी मला देवी आल्या होत्या. जगले, पण तोंडभर व्रण राहिले. माझं माहेर माणगावचं. मामंजी मला बघायला आले तेव्हा आमच्या काकांनी ओटीवरचे चिक, ते बांबूच्या कामट्यांचे गुंडाळायचे पडदे, झाडून सगळे खाली सोडून ठेवले होते. "ऊन फार आहे हो," काका म्हणाले. बाहेर आभाळ गच्च भरलेलं, ऊन कुठलं! आईने आत येऊन हरकत घेतली, तर म्हणाले, "वहिनी, झाकली मूठ सव्वा लाखाची." मामंजींच्या डोळ्यांवर तेव्हाच सारा, तो मोतीबिंदूचा पडदा, यायला लागला होता. त्या अर्ध्या काळोखात त्यांनी मला औटकीचे, म्हणजे साडेतीनचे, पाढे म्हणायला लावले. मी खणखणीत म्हटले. "मुलगी पसंत आहे," ते म्हणाले, आणि काकांनी घाईघाईने साखर वाटली.

लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या वडिलांकडे पाहिलं, आणि हार घातला. पुढे त्या विषयावर एक अक्षर नाही. माणूस भला. पण भलेपणातला निम्मा भाग हा न बोलण्याचा आळस असतो, असं माझं मत आहे. गावाला तो आळस नव्हता. पहिल्याच आठवड्यात विहिरीवर एक बाई हसत हसत म्हणाली, "सासऱ्यांनी डोळे मिटून पसंत केली हो!" मी घागर भरून घेतली आणि तिच्या पायांवर थोडं पाणी सांडलं. मुद्दाम.

मामंजींना मात्र कोण सांगणार? सुनेने सासऱ्यांसमोर उभं राहून बोलायचं नाही ही त्या वेळची रीत. काही सांगायचं तर दाराआडून. ताट ठेवायचं ते पदर पुढे ओढून, आणि लगेच मागे सरायचं. त्यात त्यांची नजर वर्षागणिक मंद होत गेली. त्यांच्या लेखी मी म्हणजे बांगड्यांचा आवाज आणि बरी जमलेली आमटी. आता तो डोळा उघडणार होता. उघडला नाही तर त्यांचा जन्म चाचपडण्यात जाणार. उघडला तर आपल्याला फसवलं हे त्यांना कळणार, आणि तेही माझ्याच तोंडावरून. इकडे आड, तिकडे विहीर. आणि पडदे निवडायचे मी!

त्यांच्या निजायच्या खोलीला झाप लावायचे ठरले. नारळाच्या झावळ्या विणून केलेला झाप दाट असतो आणि तापत नाही. पण रीतसर करायचा तर झावळ्या चिरून बरेच दिवस पाण्यात भिजत घालाव्या लागतात, मग विणायच्या. तेवढा वेळ नव्हता. हे म्हणाले, "मांडवाला आपण ओलेच विणतो की! कुणाचं काय बिघडलंय?" मांडव दोन दिवसांत उतरवतात, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. माझ्या तर येणारच नाही. आमच्या माणगावकडे नारळ म्हणजे देवापुढे फोडण्यापुरता. हिरव्यागार झावळ्यांचे झाप विणून खिडक्यांना आतून घट्ट बांधले. खोलीत बोटभरही उजेड राहिला नाही. मी दार लावून आत उभी राहून पाहिलं. मला फार बरं वाटलं, इतकं की स्वतःचीच चीड आली.

मामंजींना रेवसच्या धक्क्यावरून बैलगाडीत निजवून आणलं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. हलायचं नाही, खोकायचं नाही, मान वळवायची नाही. हे दिवसभर कचेरीत, अलिबागला. तेव्हा पेज भरवायला मीच. काळोखात रीतभात कुणालाच धड पाळता येत नाही. तोंड कुठे आहे ते विचारल्याशिवाय चमचा न्यायचा कसा? "आ करा" म्हणावंच लागलं. मग तेही बोलायला लागले. "रहाटाचा आवाज बरोबर येत नाही, एखादं गाडगं फुटलंय, बघायला सांग." "मीठ कमी आहे." "तू आता झोप थोडी." त्या काळोखात मला कधी नव्हे ते मोकळं वाटे, आणि खोलीबाहेर आले की परत खिडक्यांची काळजी सुरू होई. दुपारी मला पाठ टेकवत नसे. या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत बाहेरून फेऱ्या घालायची, हात लावून बघायची, कुठे फट नाही ना?

झापांचं व्हायचं तेच झालं. ओल्या झावळ्या वाळल्या तशी पाती आकसली. पण खोली दुपारनंतर उन्हाच्या अंगाला, आणि आम्ही पट्टी बदलायचो सकाळी. ऊन कललं की मामंजी झोपायचे म्हणून मी आत जात नसे, त्यामुळे आमच्या ध्यानात आलं नाही. एका रविवारी ह्यांना वाडीतून यायला उशीर झाला आणि पट्टी सोडेपर्यंत ऊन कललं. ह्यांनी डोळा धुवायला पट्टी काढली, मी पाण्याचं भांडं धरून उभी. मामंजी एकदम म्हणाले,

"भिंतीवर ह्या रेघा कसल्या?"

आम्ही दोघांनी मागे वळून पाहिलं. झापाच्या फटींतून आलेलं ऊन भिंतीवर आडवं पडलं होतं. पिवळ्या, बारीक, सरळ रेघा. ह्यांच्या हातून कापूस पडला. "बाबा, दिसतात? बाबा, किती दिसतात?" हे ओरडायला लागले. मी भांडं खाली ठेवलं, पदराने तो डोळा झाकला आणि ह्यांच्या अंगावर खेकसले, "ओरडता काय, आधी गोणपाट आणा!" मग आम्ही धावत सुटलो. खिडक्यांवर गोणपाटं, चादरी, ह्यांचं धोतरसुद्धा. सगळं झाल्यावर मी मागच्या दारी गेले आणि हमसून हमसून रडले. आनंद झाला होता, खराच झाला होता. पण ज्या डोळ्याला रेघा दिसल्या त्याला उद्या माझं तोंडही दिसणार होतं.

पुढचा मुक्काम माजघरात. तिथे अंधुक, हिरवट उजेड हवा असं डॉक्टरांचं म्हणणं. अलिबागच्या दुकानात हिरवं कापड मिळत होतं, पण ते विलायती, आणि हे तेव्हा नुकतेच खादी वापरायला लागलेले. "वडिलांचा डोळा मोठा की तुमचं व्रत?" मी विचारलं. ते गप्प बसले म्हणजे व्रतच मोठं. शेवटी माझं जुनं हिरवं लुगडं फाडलं आणि दुहेरी करून दोन्ही खिडक्यांना लावलं. माजघर तळ्याच्या तळासारखं झालं. मामंजींच्या कपाळावर हिरव्या कापडाची झापड बांधली होती, तिच्याखालून ते बघत. आता ताट मी ह्यांच्या हाती देऊ लागले. हे घरी नसले तर दारातूनच पुढे सरकवायची. "सूनबाई, बोलायची बंद का झालीस?" मामंजींनी एकदा विचारलं. "कामात आहे," मी आतून म्हटलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय? चोरी काकांची आणि चांदणं माझ्या मनात.

राहिली ओटी. तिथे त्यांना दिवसभर बसायचं होतं, म्हणून चिक घ्यायला आम्ही अलिबागला बुरुडाकडे गेलो. बुरुडाने दोन काढून दाखवले.

"ह्यो बारीक कामटीचा. उजेड चांगला येतो, झळ न्हाय लागत. आनि ह्यो जाड. ह्यो लावलात तर दिवसा दिवा लागंल, पन टिकंल."

"तू सांग," हे मला म्हणाले. नेहमीसारखं.

जाड चिकावर मी हात ठेवला होता. डोळ्याला जपायला हवं, एवढं म्हटलं असतं तर ह्यांनी मुंडी हलवून तोच घेतला असता. ओटी वर्षानुवर्षं अंधारी राहिली असती. पण आदल्या दिवशी दाराच्या फटीतून मी मामंजींना पाहिलं होतं. ते आपला हात झापडीखाली धरून बोटं हलवून बघत होते. एकेक बोट मिटायचं, उघडायचं, परत मिटायचं. एवढा करारी म्हातारा, आणि गालातल्या गालात हसत होता.

"बारीक," मी म्हटलं. ते इतक्या रागाने म्हटलं की बुरूड दचकला.

चिक लागले. जाड भिंगांचा चष्मा मुंबईहून आला. हे त्या सकाळी मामंजींना चष्मा लावून देऊन कचेरीत गेले. मी स्वयंपाकघरात नुसती भांडी इकडची तिकडे करत होते. ओटीवरून हाक आली.

"सूनबाई, दूध आण."

आता पाठवायला दुसरं कुणी नव्हतं. मी पेला घेतला. पदर पुढे ओढला. मग वाटलं, किती दिवस? एकदाचं होऊन जाऊ दे. पदर मागे सारला आणि ओटीवर जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. चिकातून ऊन चाळून येत होतं. सगळं स्वच्छ दिसत होतं.

त्यांनी पेला घेतला नाही. त्या भिंगांमागचा डोळा केवढा मोठा दिसत होता. तो माझ्या कपाळावरून गालावर आला, गालावरून हनुवटीवर.

"देवी कधी आल्या होत्या?"

"सातव्या वर्षी."

"फार आल्या होत्या?"

"हो. आशा सोडली होती सगळ्यांनी."

मी मनातल्या मनात काकांना शिव्या दिल्या, आणि आता मामंजी काय म्हणतील त्याला उत्तरं जुळवत राहिले.

"तुझ्या नवऱ्याच्या पाठीवर आम्हाला एक मुलगी होती," मामंजी म्हणाले. "चार वर्षांची. तिलाही आल्या होत्या. ती नाही राहिली."

इतक्या वर्षांत या घरात मला हे कुणी सांगितलं नव्हतं. ह्यांनीसुद्धा नाही. मी पेला त्यांच्याजवळ ठेवला आणि रीतीप्रमाणे मागे सरायला लागले.

"जाऊ नको," ते म्हणाले. "वाचली असती तर तिचंही तोंड असंच झालं असतं. बस जरा. बघू दे."

सासऱ्यांसमोर मी कधी बसले नव्हते. त्या दिवशी बसले.