तपासणीला गेलो त्या दिवशी

भिजलेल्या घोंगडीचा वास आला की मला जतकडची माझी जुनी शाळा आठवते. तिथं मी अकरा वर्षं शिकवलं आणि घरी कानडीच बोलणाऱ्या मेंढपाळांच्या पोरांना मराठी कळावी म्हणून त्यांच्याकडूनच कानडी शिकलो. मग बढती मिळाली, आसपासच्या शाळा तपासणारा केंद्रप्रमुख झालो, आणि दोन वर्षांनी त्याच वर्गात पोरांचं वाचन तपासायला गेलो. सकाळपासून भुरभुर चालू होती, पोरं ओल्या घोंगड्या पायाशी घेऊन बसली होती. माझ्या वेळी पहिलीत असलेली एक मुलगी वाचायला उभी राहिली, पण पुस्तकाकडं न बघता तिनं मला कानडीत विचारलं, "गुरुजी, आता हितंच राहणार का?" मी म्हणालो, "आधी वाच की गं." दोन शब्द वाचून ती अडली. माझ्या जागी आलेले तरुण गुरुजी हळूच म्हणाले, "सर, मला कानडी येत न्हाई वो. हिला समजावू कसं?" मला महिनाभर तिच्याजवळ बसायचं होतं, पण अजून तीन शाळा बाकी होत्या. मोबाईलवर तिच्या नावापुढं मी 'वाचता येत नाही' असं भरलं. "काय लिवलं गुरुजी?" तिनं विचारलं. "चांगलं लिहिलंय," मी म्हणालो. त्याच आठवड्यात मी साहेबांना, मला परत वर्गावर पाठवा, असं म्हणालो. ते हसले, "गड्या, लोक बढतीसाठी रडत्यात." आता आणखी एक बढती मिळून मी विस्तार अधिकारी आहे. वर्गात शिरलो की पोरं उभी राहतात, मी त्यांना बसा म्हणतो आणि पुढच्या शाळेला निघतो.